डिस्क बिघडणार हे धरून चालणारी माणसं: साठवणुकीच्या एका पुरस्काराबद्दल

प्रश्न माटुंग्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. तिने लिहिलंय: "काका, आमच्या सरांनी आयईईईच्या रेनॉल्ड जॉन्सन पुरस्काराचं नाव घेतलं. नुसता डेटा साठवण्यासाठी वेगळा पुरस्कार कशाला? त्यात एवढं काय आहे? आणि आता सगळं क्लाउडवर असताना स्टोरेज हा विषय घेण्यात अर्थ आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. विषय घे. मी मुंबईत बँका, शेअर ब्रोकर आणि हॉस्पिटलांच्या स्टोरेजची कामं करण्यात आयुष्य घालवलंय आणि या क्षेत्रात काम संपलंय असं मला एकदाही वाटलेलं नाही. पुरस्कारार्थींची यादी तर मी अभ्यासक्रमासारखी वाचतो. वस्तू बिघडणारच आहे हे मान्य केल्यावर पुढे काय करायचं, हे त्या यादीतल्या माणसांनी एकामागून एक शोधून काढलंय. आमच्या धंद्याचं सार म्हणशील तर तेवढंच आहे.

पुरस्काराचं पूर्ण नाव रेनॉल्ड बी. जॉन्सन इन्फर्मेशन स्टोरेज सिस्टिम्स अवॉर्ड. आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेने तो १९९१मध्ये सुरू केला. ज्याच्या नावाने दिला तो जॉन्सन मूळचा शाळामास्तर. जन्म १९०६चा, मिनेसोटातला. मास्तरकी मिशिगनमधल्या आयर्नवुड गावात. मुलांचे पेपर तपासून वैतागलेल्या या माणसाने पेन्सिलीच्या खुणा वाचणारं यंत्र बनवलं. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे खूण आहे की नाही हे विजेने ओळखता येतं. हे त्याला कुठून सुचलं याचा किस्सा सांगतात: लहानपणी, बहिणीला फिरायला न्यायला येणाऱ्या तरुणांच्या गाड्या बंद पाडायच्या म्हणून तो स्पार्क प्लगवर पेन्सिलीने रेघा ओढून ठेवायचा. आयबीएमने १९३४मध्ये त्याला यंत्रासकट घेतलं आणि पुढे ते यंत्र 'आयबीएम ८०५' म्हणून बाजारात आलं. स्कॉलरशिपच्या परीक्षेत तू जे गोळे काळे केलेस, ते तपासणारं आजचं यंत्र प्रकाशाने वाचतं, पण घराणं तेच.

१९५२मध्ये आयबीएमने त्याला कॅलिफोर्नियात सॅन होजेला छोटी प्रयोगशाळा काढायला पाठवलं. तेव्हा नोंद म्हणजे पंच केलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. गोदामात कुठला माल किती उरलाय हे पाहायचं तर कार्डांचे ट्रे उपसा, नाहीतर सगळा गठ्ठा क्रमाने यंत्रातून काढा. बाकीच्या नोंदींना हात न लावता हवी ती नोंद हवी तेव्हा मिळायला हवी होती. टेपवर ते जमत नाही, कारण त्या जागेपर्यंत टेप गुंडाळत न्यावी लागते. चुंबकीय ड्रमवर जमतं, पण ड्रमचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग कामी येतो आणि पोटातली सगळी जागा फुकट जाते. चकत्या एकावर एक रचल्या तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो.

कल्पना एवढी साधी असून अडलं कुठे? दोन फूट व्यासाची चकती फिरताना डुगडुगते. वाचणारं-लिहिणारं हेड तिला टेकलं तर दोन्ही खरवडून निघतात, लांब ठेवलं तर वाचता येत नाही. आरशासारखी सपाट चकती मिळण्याची वाट न पाहता जॉन्सनच्या लोकांनी हेडमधून दाबाची हवा सोडली. हवेच्या पातळ थरावर हेड तरंगतं आणि चकती जशी वरखाली होईल तसं तेही होतं. चकतीवर लोह ऑक्साइडचा लेप सारखा बसेना, तेव्हा फिरत्या चकतीच्या मध्यावर कागदी कपातून रंग ओतायचा आणि तो आपोआप कडेपर्यंत पसरू द्यायचा, अशी युक्ती निघाली. रंगातल्या गुठळ्या काढायला तो आधी बायकांच्या नायलॉनच्या मोज्यांतून गाळून घ्यायचे. (लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या कुठल्याही कारागिराला हा किस्सा सांग, तो मान डोलावेल.)

सप्टेंबर १९५६मध्ये 'रॅमॅक' जाहीर झालं. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, मिनिटाला १,२०० फेरे, क्षमता ५० लाख अक्षरं, वजन टनाहून जास्त, भाडं महिना ३,२०० डॉलर. कुठलीही नोंद सापडायला सरासरी ०.६ सेकंद. आज त्या क्षमतेत तुझ्या फोनमधला एखादा फोटो जेमतेम बसेल, म्हणून लोक हसतात. मला त्यात कमी क्षमता दिसत नाही, डुगडुगणाऱ्या चकतीशी केलेली तडजोड दिसते. आजच्या हार्ड डिस्कमध्ये हेड आणि चकती यांच्यामधली फट काही नॅनोमीटर उरली आहे आणि दाबाची हवा बाहेरून सोडावी लागत नाही, चकतीच्या फिरण्यानेच ती तयार होते. तत्त्व मात्र तेच आहे.

यादीतला दुसरा माझा आवडता माणूस ॲलन शुगार्ट, १९९७चा मानकरी. आयबीएममध्ये तो दुरुस्तीला जाणारा फील्ड इंजिनिअर म्हणून लागला, पुढे रॅमॅकवर काम केलं, मग स्वतःच्या नावाची फ्लॉपी ड्राइव्हची कंपनी काढली, तिथून बाहेर पडावं लागलं, आणि १९७९मध्ये दुसरी काढली जिला आज आपण सीगेट म्हणतो. त्या कंपनीची ५.२५ इंची ५ एमबीची हार्ड डिस्क १९८०ची. घरात, दुकानात बसेल अशा कॉम्प्युटरला हार्ड डिस्क मिळाली ती तिथून. विक्षिप्तही भरपूर: १९९६मध्ये त्याने आपल्या अर्नेस्ट नावाच्या कुत्र्याला अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत उभं करायचा घाट घातला होता. फ्लॉपीबद्दल एवढंच सांगतो की पावसाळ्यात तिला बुरशी यायची, आणि बुरशी आलेली एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही हातच्या जायच्या. दादरच्या दमट खोलीत ठेवलेले किती जणांचे प्रबंध असे गेले असतील.

"त्यात एवढं काय आहे" याचं एक उत्तर थेट भौतिकशास्त्रातून येतं, पण त्यावर मी जास्त थांबत नाही. बिट, म्हणजे डिस्कवरचा एक ० किंवा १, जेवढा लहान, तेवढी त्याची खूण क्षीण, ती वाचायला हेड तेवढं संवेदनशील लागतं. आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८मध्ये जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकीय क्षेत्राने पातळ थरांचा विद्युतरोध खूप बदलणं) हा परिणाम शोधला. स्टुअर्ट पार्किन आणि आयबीएममधल्या इतरांनी तो कारखान्यात बनवता येईल अशा हेडपर्यंत आणला आणि १९९७मध्ये तशी डिस्क विकायला आली. मूळ शोधाला २००७चं नोबेल मिळालं, पार्किनला २०१४मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार. जपानच्या शुन-इची इवासाकींनी १९७०च्या दशकात सुचवलं की बिट आडवे झोपवण्याऐवजी उभे करा म्हणजे दाटीने बसतील. बाजारात तशी डिस्क यायला २००५ उजाडलं आणि जपान प्राइझ मिळायला २०१०. म्हणजे मानसन्मान या क्षेत्राला मिळतात, उशिरा मिळतात इतकंच.

आता माझ्या रोजच्या भाकरीचा विषय. १९९९चा जॉन्सन पुरस्कार डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांना 'रेड'साठी मिळाला. रेड म्हणजे स्वस्त डिस्कांचा असा संच, ज्यात एखादी गेली तरी माहिती जात नाही. तिघांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात हे काम केलं आणि १९८८मध्ये शिकागोला डेटाबेसवाल्यांच्या सिग्मॉड परिषदेत पेपर वाचला. हा पेपर जरूर वाच. छोटा आहे आणि त्यातलं गणित बारावीच्या पलीकडचं नाही.

तेव्हा मोठ्या कॉम्प्युटरला आयबीएम ३३८०सारखी अवाढव्य महाग डिस्क लागायची, आणि पीसीसाठी कॉनर कंपनीच्या १०० एमबीच्या ३.५ इंची डिस्का स्वस्तात मिळू लागल्या होत्या. अशा शंभर छोट्या डिस्का एकत्र लावल्या तर वेग खूप वाढतो. पण एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभरांपैकी कुठलीतरी एक सरासरी ३०० तासांत जाणार, म्हणजे दोन आठवडेही नाहीत. दर पंधरवड्याला डेटा गमावणारं यंत्र कोण घेईल?

तिघांचं उत्तर पॅरिटीत होतं. तीन डिस्कांवर एकाच जागी १, ० आणि १ हे बिट आहेत असं समज. चौथ्या डिस्कवर असा बिट लिही की एकूण १ची संख्या सम राहील, म्हणजे इथे ०. आता मधली डिस्क मेली. उरलेल्यांत १, १ आणि पॅरिटीचा ०. १ची संख्या आधीच सम आहे, तेव्हा हरवलेला बिट ०च असला पाहिजे. झालं. एक जादा डिस्क आणि एक्सॉर (ही सम-विषम बघण्याची क्रिया), एवढ्या भांडवलावर मेलेली डिस्क पुन्हा लिहून काढता येते. पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक लिखाणाला त्याच डिस्कसमोर रांग लागते, म्हणून ती सगळ्या डिस्कांवर फिरती ठेवायची. ते रेड ५. याची किंमतही आहे: छोटासा बदल करायचा तरी जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही, अशी एकाची चार कामं होतात. डेटाबेसवाले रेड ५च्या नावाने बोटं मोडतात ती यामुळे, आणि त्यांचं बरोबर आहे.

पेपरातली खरी मेख पुढे आहे. दहा-दहा डिस्कांचे गट करून प्रत्येकाला एक पॅरिटीची डिस्क दिली, तर संच सरासरी किती टिकेल? उत्तर येतं ८ लाख तासांहून जास्त, नव्वद वर्षांच्या वर. दोन आठवड्यांवरून नव्वद वर्षं! सूत्र कागदावर मांडून बघ: वर ३०,०००चा वर्ग, खाली ११० गुणिले १० गुणिले दुरुस्तीचा वेळ. तो दुरुस्तीचा वेळ त्यांनी १ तास धरलाय. मेलेली डिस्क एका तासात बदलून, भरून तयार.

तो एक तास मी मुंबईत कधी पाहिलेला नाही. डिस्क गेल्याचा पिवळा दिवा लागतो शुक्रवारी संध्याकाळी. सर्व्हर रूममध्ये कोणी फिरकतं सोमवारी. एएमसीवाला, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेला, कॉल घेतो, स्पेअर भिवंडीच्या गोदामात असतो, आणि त्या दिवशी अनंत चतुर्दशी असेल तर टेम्पो लालबागच्या अलीकडे उभा. मग डिस्क बसते आणि रिबिल्ड, म्हणजे तिच्यावर डेटा पुन्हा भरणं, सुरू होतं. १०० एमबीची डिस्क काही मिनिटांत भरायची. आजची २० टीबीची डिस्क सेकंदाला २५० एमबीच्या वेगाने सलग लिहिली तरी बावीस तास घेते, आणि ते इतर काही काम चालू नसेल तर. क्षमता जेवढी वाढली त्या मानाने वेग वाढलाच नाही. या सगळ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं.

आणि दुसरी डिस्क जाते. सूत्रात दुसरं गृहीतक असं आहे की प्रत्येक डिस्क आपल्या मर्जीने, बाकीच्यांशी संबंध न ठेवता मरते. प्रत्यक्षात बाराच्या बारा डिस्का एकाच बॅचच्या, एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच बिघडलेल्या एसीखाली तापलेल्या असतात. त्यांची वयं सारखी, दुखणी सारखी. वर रिबिल्ड म्हणजे उरलेल्या सगळ्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १०चा चौदावा घात एवढ्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक अशी मर्यादा छापलेली असते. त्याचा हिशेब कर: साधारण १२.५ टीबी. मोठा संच एकदा पूर्ण वाचला की त्या आकड्याच्या पुढे जातो. म्हणून मी मोठ्या डिस्कांवर रेड ५ लावू देत नाही. दोन डिस्का गेल्या तरी चालेल असं रेड ६ लाव, संचात एक हॉट स्पेअर आधीच बसवून ठेव म्हणजे रिबिल्ड टेम्पोची वाट पाहणार नाही, आणि डिस्का वेगवेगळ्या बॅचच्या घे. विक्रेता नाक मुरडेल. मुरडू दे.

आणखी एक दुखणं लोक विसरतात. डेटा लिहून झाला, पॅरिटी लिहायची राहिली, आणि तेवढ्यात वीज गेली. परत चालू केल्यावर सगळं ठीक दिसतं, कारण पॅरिटी कोणी वाचतच नाही. सहा महिन्यांनी एखादी डिस्क मरते, तिचा डेटा त्या चुकीच्या पॅरिटीवरून काढला जातो आणि चुकीचा निघतो. याला राइट होल म्हणतात. उपाय म्हणजे कंट्रोलरवरच्या मेमरीला बॅटरी, जेणेकरून अर्धवट लिखाण वीज आल्यावर पुरं होईल. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून सगळी मुंबई अंधारात गेली, त्या दिवशी कोणाच्या बॅटऱ्या शाबूत आहेत आणि कोणाच्या फुगून बसल्यात हे एकदमच कळलं. "मुंबईची वीज जात नाही" या समजावर कित्येक ऑफिसांनी त्या बदलल्याच नव्हत्या.

रेडने काय होत नाही हे मात्र २६ जुलै २००५ने शिकवलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस. कुर्ला, कलिना, साकीनाका भागात तळमजल्यावर आणि बेसमेंटमध्ये सर्व्हर रूम असलेली कितीतरी ऑफिसं होती, कारण जड यंत्रं खाली ठेवायची पद्धत आणि जागाही स्वस्त. पाण्याखाली गेलेल्या संचात सगळ्याच डिस्का एकदम जातात, तिथे एक्सॉर काय करणार? ज्यांच्या टेपा रोज दुसऱ्या इमारतीत जात होत्या ते आठवड्यात उभे राहिले. एका ऑफिसात टेपा होत्या, पण त्याच खोलीत, सर्व्हरच्या खालच्या कप्प्यात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी त्यानंतर कुठल्याही मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत म्हणून टाकतो. कोणी चुकून एखादं टेबल डिलीट केलं तर रेड ते सगळ्या डिस्कांवरून इमानेइतबारे डिलीट करतं.

याउलट डेटा सुखरूप असूनही धंदा थांबतो, तेही शिकण्यासारखं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये पावणेबाराच्या सुमारास व्यवहार थांबले ते पावणेचारला सुरू झाले आणि बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. एक्स्चेंजने दिलेल्या खुलाशात दूरसंचार जोडण्यांची अस्थिरता आणि त्यापाठोपाठ स्टोरेज एरिया नेटवर्कने दिलेली अनपेक्षित वागणूक याचा उल्लेख होता. डिस्का मेल्या नव्हत्या, त्यांच्यापर्यंत जाणारी वाट मोडली होती. दोन ठिकाणी एकाच वेळी लिहायचं ठरवलं की मधली तार तुटल्यावर कोणाचं खरं मानायचं, हा प्रश्न येतोच, आणि त्याला आजही पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर इथे शोध.

२००९चा मानकरी मार्शल कर्क मक्युझिक, बर्कलेच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारा. जुन्या युनिक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे जाईल हे ठरवणारी व्यवस्था, फाइलचे तुकडे डिस्कभर कुठेही टाकायची, त्यामुळे हेडचा बहुतेक वेळ इकडून तिकडे धावण्यात जायचा आणि डिस्कच्या वेगाच्या जेमतेम दोन ते चार टक्के वेग पदरात पडायचा. मक्युझिक आणि मंडळींनी फाइल आणि तिची माहिती शेजारी शेजारी ठेवायला सुरुवात केली, ब्लॉक मोठे केले, आणि तो आकडा ४७ टक्क्यांपर्यंत नेला. लोखंड तेच, मांडणी वेगळी.

मला त्याच्या कामातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: लिहिताना वीज गेली तर काय? ग्रेग गँगरबरोबर त्याने 'सॉफ्ट अपडेट्स' प्रत्यक्षात आणलं, त्याचे नियम तीनच (बोट म्हणजे वस्तू डिस्कवर कुठे आहे हे सांगणारा पॉइंटर). जी वस्तू अजून नीट तयार झालेली नाही तिच्याकडे बोट दाखवू नका. एखाद्या जागेकडे जुनं बोट रोखलेलं असताना ती दुसऱ्याला देऊ नका. नवं बोट लिहून होईपर्यंत शेवटचं जुनं बोट पुसू नका. या क्रमाने लिहिलंत तर कुठल्याही क्षणी वीज गेली तरी डिस्कवर फार तर थोडी जागा वाया गेलेली सापडेल, खोटी माहिती सापडणार नाही. हे तीन नियम मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावतो. फाइल सिस्टिम लिहिणारे मोजकेच असतात, पण डेटा एका संचातून दुसऱ्यात हलवण्याचं काम सगळ्यांनाच पडतं, आणि तिथेही हेच तीन नियम चालतात.

२०१२ला जॉन ऊस्टरहाउट आणि मेंडेल रोझेनब्लम. त्यांचं म्हणणं असं: मेमरी स्वस्त होत जाणार, म्हणून वाचनाची बहुतेक कामं मेमरीतच भागतील आणि डिस्कच्या वाट्याला मुख्यतः लिखाण येईल. मग लिखाण सोपं करा. तुझ्या आजोबांच्या पिढीतला दुकानदार दिवसभराचा प्रत्येक व्यवहार आला तसा रोजकीर्दीत खाली खाली लिहीत जायचा, मागचं पान खोडून दुरुस्त करत बसायचा नाही. कोणाच्या नावावर काय ते नंतर खतावणीतून काढायचा. यांची लॉग-स्ट्रक्चर्ड फाइल सिस्टिम तशीच चालते. बदललेला ब्लॉक जुन्या जागी जात नाही, शेवटी जोडला जातो, आणि कुठे काय आहे याची सूचीही त्याच ओघात लिहिली जाते. त्यांच्या मोजणीत डिस्कच्या लिहिण्याच्या वेगाचा ७० टक्के भाग वापरता आला, जिथे तेव्हाच्या युनिक्स फाइल सिस्टिमला ५ ते १० टक्के मिळायचा. अडचण एकच: जुनी, रद्द झालेली पानं साचत जातात. त्यातली अजून कामाची असलेली उचलून पुढे लिहायची आणि बाकी जागा मोकळी करायची, असा झाडूवाला सतत मागे ठेवावा लागतो.

पेपर १९९१-९२चा, पुरस्कार वीस वर्षांनी. मधल्या काळात अनेकांनी ही कल्पना कागदापुरती मानली होती, कारण झाडूवाल्याचा खर्च परवडत नाही असा आक्षेप होता. मग फ्लॅश, म्हणजे पेनड्राइव्ह आणि एसएसडीतली मेमरी, आलं. तोशिबात फुजिओ मासुओकाने १९८०च्या दशकात शोधलेल्या नँड फ्लॅशचा स्वभावच असा की लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसण्याची संख्याही मर्यादित. अशा माध्यमाला शेवटी शेवटी जोडत जाण्याशिवाय गत्यंतर नाही. तुझ्या लॅपटॉपमधल्या एसएसडीच्या आत जो कंट्रोलर बसलाय तो जवळपास हेच काम करतो. एसएसडी ९५ टक्के भरली की ती कुथायला लागते, कारण झाडूवाल्याला सामान हलवायला मोकळी जागाच उरत नाही. म्हणून पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेव, हा माझा सगळ्यांना फुकटचा सल्ला.

एक गंमत तुझ्या लक्षात येतेय का? पॅटरसनला लोक ओळखतात 'रिस्क' या साध्या सूचनांवर चालणाऱ्या प्रोसेसरसाठी, ट्युरिंग पुरस्कारही त्याला २०१७चा मिळाला तो त्यासाठी. रोझेनब्लमचं नाव निघतं व्हीएमवेअर कंपनीमुळे, ऊस्टरहाउटचं टीसीएल या प्रोग्रामिंग भाषेमुळे. स्टोरेजमधलं त्यांचं काम रोज कोट्यवधी लोक वापरतात आणि त्यांच्या ओळखीत ते दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत येतं. वेगळा पुरस्कार कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. स्टोरेज नीट चाललं तर कोणाला दिसत नाही. दिसतं ते बिघडल्यावर, आणि तेव्हा कोणी पुरस्कार देत नाही.

क्लाउडचं म्हणशील तर तो आकाशात नाही, ऐरोली-महापे-पवईत आहे. ॲमेझॉनने २०१६मध्ये मुंबई रिजन सुरू केला, त्याआधी आणि नंतर इतरांनीही इथे डेटा सेंटरं बांधली. तिथे रेडच्या जागी इरेझर कोडिंग आहे, ज्यात डेटाचे तुकडे आणि पॅरिटीचे तुकडे वेगवेगळ्या रॅकवर, वेगवेगळ्या इमारतींत ठेवतात. गणित थोडं जड आहे, विचार १९८८चाच. दुरुस्तीचा वेळ कमी करायला एक मेलेली डिस्क शेकडो डिस्का मिळून भरून काढतात. खाडीकाठच्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड सर्किट बोर्डावरची चांदी आणि तांबं खातो, ही भानगड तिथेही आहे, आणि ती सोडवायला माणसं लागतात.

शेवटी करून बघायला एक गृहपाठ देतो, डिस्का विकत घ्यायची गरज नाही. लिनक्सवर २०० एमबीच्या चार फाइली बनव, त्यांना लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वागणारी फाइल) म्हणून जोड आणि एमडीएडीएम या आज्ञेने त्यांचं रेड ५ कर. त्यावर फाइल सिस्टिम टाकून काही फोटो ठेव आणि त्यांचे चेकसम (फाइलवरून काढलेले पडताळणीचे आकडे) लिहून घे. आता एक डिव्हाइस फेल कर, फोटो उघडतात का बघ, पाचवी फाइल जोड आणि रिबिल्ड चालताना बघ. मग नव्याने मांडून रिबिल्ड चालू असतानाच दुसरं डिव्हाइस फेल कर. हे झालं की तिसरा प्रयोग, जो बहुतेक जण करत नाहीत: काहीही फेल न करता एका फाइलच्या मधोमध थोडे बाइट चुकीचे लिही आणि संचावर तपासणी चालव. विसंगती आहे एवढं तो सांगेल. कुठल्या डिस्कवर चूक आहे हे रेड ५ सांगू शकणार नाही. का नाही, हे वर दिलेल्या चार बिटांच्या उदाहरणावर कागदाने सोडव. उत्तर सापडलं की झेडएफएस ही फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम तो ब्लॉक सोडून वरच्या पॉइंटरजवळ का ठेवते, ते वाचायला घे.